राजाश्रय सुटल्यावर

१८१८ साली कनेक्टिकट राज्याने काँग्रिगेशनल चर्चचा राजाश्रय काढून घेतला, तेव्हा लायमन बीचर या नामांकित धर्मोपदेशकाला धर्म बुडाल्यासारखे वाटले. तोवर तिथे चर्चचा खर्च कराच्या पैशातून चाले. पुढे उतारवयात याच बीचरने कबूल केले, की राज्याचे इतके भले दुसऱ्या कशानेच झाले नव्हते. सरकारचा टेकू गेला आणि चर्च स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकले. अमेरिकेत आज ख्रिस्ती धर्माचे शेकडो पंथ नांदतात, त्यांच्या बळाचे मूळ या अनुभवात आहे असे मला वाटते. मात्र बळाबरोबर शहाणपणही येतेच असे नाही, हेसुद्धा तोच इतिहास सांगतो.

धर्म आणि शासन यांची फारकत म्हणजे नास्तिकांचे खूळ, असा एक समज आढळतो. अमेरिकेत ती मागणी सर्वांत आधी केली ती कडव्या भाविकांनी. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन सत्तेने हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले, ते सक्तीची उपासना देवाला पोचत नाही या श्रद्धेपोटी. व्हर्जिनियात परवान्याविना प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात होते. जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने १७८६ मध्ये तिथल्या विधिमंडळातून मंजूर करून घेतला, त्यामागे या बाप्टिस्टांचा रेटा होता. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने केंद्रीय काँग्रेसला राष्ट्रीय चर्च स्थापण्याची मनाई केली. राज्ये मात्र मोकळी राहिली, आणि मॅसॅच्युसेट्सने आपल्या अधिकृत चर्चचा पाठिंबा सोडला तो थेट १८३३ मध्ये.

कर बंद झाल्यावर पाळकाचा पगार मंडळींच्या वर्गणीतून येऊ लागला. माणसे जोडावी लागली, आणि ज्याला पटले नाही त्याला वेगळी चूल मांडता आली. घोड्यावरून वस्त्या पालथ्या घालणारे मेथडिस्ट उपदेशक, १८३० मध्ये नवा पंथ काढणारा जोसेफ स्मिथ, १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर पेंटेकोस्टल चळवळीला उधाण आणणारा कृष्णवर्णीय विल्यम सेमूर, हे सगळे त्याच मोकळिकीतले. या स्वयंस्फूर्त दानाचा एक ओघ आपल्याकडेही आला. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ मध्ये बोस्टनला संस्था उभी राहिली, तिचा अध्यक्ष युनिटेरियन पंथाचा एडवर्ड एव्हरेट हेल, तर उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते. एकमेकांची मते न पटणाऱ्या या मंडळींच्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. पंथ निवडायची मोकळीक म्हणजे आपल्यासारख्यांतच बसण्याची मोकळीक. फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना उठवले गेले. तिथून बाहेर पडलेल्या रिचर्ड अॅलनने १७९४ मध्ये बेथेल चर्च उघडले आणि १८१६ मध्ये स्वतंत्र पंथ स्थापन केला. उलट १८४५ मध्ये गुलामगिरीच्या वादातून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळे झाले, आणि त्या पापाची जाहीर माफी मागायला त्यांना १९९५ उजाडले. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. ज्या दाराने अॅलन स्वाभिमानाने बाहेर पडला, त्याच दाराने गुलामांचे मालकही आपले चर्च घेऊन गेले. एवढेच म्हणता येईल, की अॅलनला त्या दारापाशी कुण्या सरकारी बिशपची परवानगी मागावी लागली नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते; २०२३-२४ मध्ये ते ६२ टक्क्यांवर आले, आणि कोणताच धर्म न सांगणारे २९ टक्के झाले. मग ते बळ गेले कुठे? पिढ्यांमधला बदल हे एक कारण आहेच. पण मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच दाखवले होते, की धर्माशी नाते नाही म्हणणाऱ्यांतले बरेच जण देव मानतात. धार्मिक उजव्यांच्या राजकारणाला विटून त्यांनी ती ओळख टाकली. वरिष्ठ सभागृहात २६ बिशपांना जागा राखून ठेवणाऱ्या इंग्लंडमध्ये रविवारची उपस्थिती अमेरिकेहून कितीतरी कमी आहे. सत्तेच्या सावलीत श्रद्धा फोफावते याचा पुरावा यातून तरी मिळत नाही.

तरीही ती सावली पुन्हा हवीशी वाटणारे आहेत. लुइझियानाने २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. पण या आज्ञांची गणती कॅथॉलिक एका रीतीने करतात, बहुतेक प्रॉटेस्टंट दुसऱ्या आणि ज्यू तिसऱ्या. भिंतीवर कोणाचा पाठ लावायचा हे सरकारने ठरवले, की बाकीच्यांचा धर्म त्या वर्गात दुय्यम ठरला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कोणते बायबल वाचायचे या वादाने पेट घेतला, तेव्हा कॅथॉलिक चर्चे जाळली गेली. ती जाळणारेही ख्रिस्तीच होते.