मधली स्टेशनं

हातात पैसे बेताचे असले की प्रवासात मन मारावं लागतं, असं आपण धरूनच चालतो. इटलीतल्या जुन्या शहरांमधून आम्ही दोघं बेताच्या खर्चात, आगगाडीने फिरलो, आणि मला उलटंच जाणवलं. तिथे जे जे स्वस्त मिळालं, ते बहुतेक सगळं त्या समाजाने सर्वांसाठी म्हणून सांभाळलेलं होतं. त्याच्याच आधाराने तो देश आम्हाला जवळून पाहता आला.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते. 2009 साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे 78 किलोमीटरचा, आणि त्यातले 70हून अधिक किलोमीटर बोगद्यात. म्हणजे खिडकीत बहुतेक वेळ आपलाच चेहरा. तिकीट खूप आधी काढलं तर परवडतं. प्रवासाचा दिवस जवळ येईल तसा भाव चढतो. आम्ही धरली ती ‘रेजोनाले’, गावोगाव थांबणारी गाडी. तिचं भाडं अंतरावर ठरतं. महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, दर तोच. प्रातोला गाडी बदलावी लागते आणि वेळ दुपटीहून जास्त लागतो. तिलाही 1934 साली सुरू झालेल्या अठरा किलोमीटरच्या बोगद्यातून जावं लागतं, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे खोरी आहेत, ओढे आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, फलाटावर उतरून घराकडे चालू लागणारी माणसं आहेत.

ह्यांनी तिथे एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. आपेनाइन पर्वत ओलांडून या दोन शहरांना जोडणारा पहिला लोहमार्ग पिस्तोयावरून गेला, तो 1864 साली. आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. एकाच सुमाराला तिथले आणि इथले मजूर डोंगर फोडत होते. बोरघाटात तर हजारो माणसं दगावली. दिवसभरात ज्या वाटेने आपण सहज ये-जा करतो, तिच्याखाली कुणाचे कष्ट आहेत, याची आठवण सकाळच्या पहिल्या गाडीत बसतानाच व्हायला हवी.

बोलोन्याच्या स्टेशनावर आम्ही गाडीच्या वेळेच्या पुष्कळ आधी गेलो, ते तिथली वेटिंग रूम बघायला. 2 ऑगस्ट 1980. शनिवार, सुट्ट्यांची गर्दी. दुसऱ्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये नवफॅसिस्ट दहशतवाद्यांनी ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला आणि 85 माणसं मेली. त्यांत तीन वर्षांची एक मुलगी होती. इंग्लंडहून फिरायला आलेलं एक तरुण जोडपंही होतं, दोघंही 22 वर्षांची. मृतांना न्यायला गाड्या पुरेनात, तेव्हा शहरातल्या 37 नंबरच्या बसला खिडक्यांवर पांढऱ्या चादरी लावून त्या कामाला लावलं. ती खोली आजही वेटिंग रूमच आहे. भिंतीला पडलेली उभी भेग तशीच ठेवून तिला काच लावली आहे, आणि शेजारच्या पाटीवर प्रत्येक नावापुढे वय कोरलेलं आहे. लोक त्या पाटीखाली बॅगा ठेवून गाडीची वाट बघत बसतात. बाहेरचं एक घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवून ठेवलं आहे. आम्ही बराच वेळ नावं वाचत उभे राहिलो. साध्या तिकिटावर निघालेली, आमच्यासारखीच माणसं होती ती.

रेजोनालेत आमच्या शेजारी कॉलेजची मुलं असत, कामाच्या पाळीवर निघालेली माणसं असत. या गाड्यांचा खर्च तिकिटांच्या पैशांतून भागत नाही. तिथली प्रांतिक सरकारं करार करून आपल्या तिजोरीतून त्यात भर घालतात, म्हणजे त्या गाडीने रोज जाणाऱ्यांच्या करातूनच. परक्या देशातून आलेले आम्ही दोघं त्याच दरात बसलो होतो. हे पाहुणेपण मी विसरू शकत नाही.

फ्लॉरेन्सहून रोमला जातानाही तेच केलं. वेगवान गाडीला दीड तास लागतो, आपल्याला अर्धा दिवस, पण वाटेत ओर्व्हिएतो आहे. स्टेशन खाली, गाव वर कातळावर. 1888 साली सुरू झालेली दोराने ओढली जाणारी गाडी, आता विजेवर चालणारी, काही मिनिटांत वर नेते. पट्ट्यापट्ट्यांच्या दगडी भिंतींचं तिथलं कॅथेड्रल सुंदर आहेच, पण मला विहीर अधिक आवडली. 1527 साली रोम लुटलं गेलं. पोप सातवे क्लेमेंट ओर्व्हिएतोच्या आश्रयाला आले. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी धाकट्या अंतोनिओ दा सांगाल्लोकडून ही विहीर खोदवली. ती पुरी व्हायला 1537 उजाडलं. खोली पन्नास मीटरच्या वर. आतून दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत जातात, प्रत्येकाला 248 पायऱ्या. एकाने पखाली घेतलेली खेचरं उतरायची, दुसऱ्याने भरून वर चढायची. वाटेत गाठ पडायची नाही. पायऱ्या रुंद आणि उथळ, जनावराच्या पावलाला बेतलेल्या. मध्यभागाकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून वरचा उजेड झिरपतो. मी अर्धा वळसा पुढे होते. समोरच्या खिडकीत हे दिसले, भिंतीला हात लावून सावकाश उतरताना. तळाशी पाण्यावर छोटा पूल आहे, तिथे मी थांबले.

पोट भरायला दुकानातून पाव आणि चीज घेत होतो. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच, कारण बसून घेतली तर बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात. रोममध्ये पाणी विकत घ्यावं लागलं नाही. 1874 पासून रस्त्याकडेला ओतीव लोखंडाचे नळ आहेत, अखंड वाहणारे, पाणी थंड आणि पिण्याचं.

तुम्ही इटलीला जाणार असाल, तर दोन मोठ्या शहरांमधला एक तरी टप्पा रेजोनालेने करा आणि मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड पडतो. आणि सकाळच्या गर्दीत कामाला निघालेलं कुणी उभं असेल, तर शेजारच्या सीटवरची आपली बॅग उचलून त्यांना जागा द्या.