बेफिकिरीचा हप्ता कोणी भरावा?

गेल्या जून महिन्यात आमच्या घरी मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाचे दोन कागद एकाच आठवड्यात आले. एक माझा, दुसरा माझ्या भाच्याचा. तो नोकरीनिमित्त इंदूरला आमच्याकडेच राहतो. मी जवळजवळ चाळीस वर्षे गाडी चालवीत आलो असून विमा कंपनीकडे एकदाही दावा केलेला नाही. भाच्याच्या नावावर तीन वर्षांत दोन अपघात आहेत. गेल्या वर्षी मद्यप्राशन करून गाडी चालवल्याबद्दल त्याला दंड झाला आणि परवानाही तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. दोन्ही गाड्यांची इंजिने एक हजार ते पंधराशे सीसी या एकाच गटातली. दोन्ही कागदांवर ‘थर्ड पार्टी’ या सदरासमोर आकडाही एकच होता : 3416 रुपये. भाचा हसत म्हणाला, “मामा, बघा, सरकारच्या लेखी आपण दोघे सारखेच!”

वाक्य थट्टेचे होते. पण ते माझ्या मनातून जाईना. हा न्याय म्हणावा काय?

आपल्याकडे मोटारविम्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थासाठी, म्हणजे आपल्या गाडीखाली येणाऱ्या परक्या माणसासाठी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. त्याचे दर शासन ठरवते, आणि 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीपुरता विचार इंजिनाच्या क्षमतेचा आहे. चालकाच्या वर्तनाचा नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. तेथे मात्र वर्तनाची थोडी नोंद होते. एक वर्ष दावा न केल्यास वीस टक्के, आणि अशी पाच वर्षे गेल्यास पन्नास टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती सारी जाते. म्हणजे आपल्या पत्र्याला ओरखडा उमटला तर हिशेब बदलतो. दुसऱ्याच्या देहाचा प्रश्न आला की सावध आणि बेफिकीर एका पंक्तीला बसतात.

विमा म्हणजे अनोळखी माणसांनी मिळून जमवलेली वर्गणीच होय. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत कोणी कमी देतो, कोणी जास्त, आणि प्रसाद सर्वांना सारखा मिळतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. परंतु एखादा दरवर्षी मांडवाला आग लावील आणि नव्या मांडवाचा खर्च सर्वांच्या वर्गणीतून काढावयास सांगेल, तर त्याने अधिक द्यावे असे आपण म्हणूच. माझ्या 3416 रुपयांत भाच्याच्या बेफिकिरीचा काही अंश आहे, ही माझी पहिली तक्रार होती.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. तिच्याकडून तिकडची रीत कळली. ज्या वर्षी आपल्या संसदेने मोटार वाहन कायदा केला, त्याच 1988 साली तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 103’ हा कायदा थेट मतदानाने मंजूर केला. विम्याचा दर ठरवताना प्रथम चालकाचे वर्तन, मग वर्षाकाठी होणारा प्रवास, मग चालवण्याचा अनुभव पाहावा, असा क्रम त्याने घालून दिला. चांगल्या चालकाला किमान वीस टक्के सवलत मिळते. मद्यपान करून चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास ती दहा वर्षे मिळत नाही. अशा चालकाला परवाना परत हवा असेल, तर विमा चालू असल्याचे ‘एसआर-22’ नावाचे प्रमाणपत्र कंपनीमार्फत, साधारणपणे तीन वर्षे, सरकारला द्यावे लागते. कोणतीच कंपनी त्याला घेईना, तर एका राज्यव्यापी योजनेतून त्याचा विमा एखाद्या कंपनीकडे सोपवला जातो. तो महाग पडतो, पण मिळतो.

हे ऐकून प्रथम मला समाधान वाटले. नंतर शंका आली. ‘धोकादायक’ कोणाला म्हणावयाचे? अठरा वर्षांच्या मुलाने काहीही केलेले नसते. त्याच्या वयाच्या इतर मुलांनी केलेले असते. टॅक्सीवाला दिवसभर रस्त्यावर असतो म्हणून त्याला धोका अधिक. त्यात त्याचा दोष कोणता? गणिताला दोष आणि दैव यांतला भेद कळत नाही, त्याला केवळ संभव कळतो. नीतीला मात्र तो भेद करावाच लागतो. जे मनुष्याने स्वतः केले त्याचा भार त्याच्यावर घालणे न्याय्य आहे. तो ज्या गटात जन्मला त्याचा भार घालताना हात आखडता घ्यावा. वर्तनाला पहिले स्थान देणारा तो क्रम मला म्हणूनच पटतो.

तरीही मनातली एक जुनी आठवण मला येथेच थांबू देत नाही. 1994 च्या सुमारास मी माळव्यातील एका तहसिलीत तहसीलदार होतो. अपघात दावा न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई वसूल होत नसेल, तर कलम 174 प्रमाणे ते कलेक्टरकडे प्रमाणपत्र पाठवते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करावयाची असते. असे एक प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आले. हाटाहून परतणारा एक शेतमजूर प्रवासी जीपखाली सापडून मरण पावला होता. जीपला विमा नव्हता. विधवेच्या नावे सव्वा लाखाची भरपाई मंजूर झाली होती. जप्तीसाठी मी स्वतः गेलो. जीप भंगारात विकली गेली होती, जमीन बापाच्या नावावर होती, घरात एक शिलाईयंत्र होते आणि पोटापाण्याचे साधन म्हणून ते कायद्याने सोडावे लागते. विमा का काढला नाही, असे मी जीपवाल्याला दरडावून विचारले. तो म्हणाला, “साहेब, विम्याचा हप्ता आणि पेरणीचे बियाणे एकाच महिन्यात आले.”

बेफिकिरांचा हप्ता वाढवा म्हणताना मला तो माणूस आठवतो. हप्ता दुप्पट केला असता, तर त्याने दुप्पट वेळा चुकवला असता. आणि त्याची शिक्षा त्याला नव्हे, त्या विधवेला झाली असती. सक्तीचा विमा गाडीवाल्यासाठी नाहीच. ज्याने वर्गणी दिली नाही, ज्याला मांडव ठाऊकही नाही, अशा वाटसरूसाठी तो आहे. त्याचा दर सर्वांना सारखा ठेवण्यात केवळ आळस नसून काही शहाणपणही आहे.

मग बेफिकीर सुटला काय? तसे होऊ नये, आणि त्याची वाट आपल्याच न्यायव्यवस्थेने दाखवली आहे. चालकाचा परवाना सदोष असला, तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत व नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले. 2021 च्या जानेवारीत विमा नियामकाच्या एका अभ्यासगटाने वाहतूक नियमभंगाचे गुण मोजून त्यावर वेगळा हप्ता आकारावा, अशी सूचना केली. नशेत गाडी चालवल्यास शंभर गुण, चुकीच्या जागी गाडी उभी केल्यास दहा. ती देशभर नियम म्हणून लागू झालेली नाही. मला ती योग्य वाटते, पण एका अटीवर : हा वेगळा हप्ता थकला म्हणून त्रयस्थाचे संरक्षण थांबता कामा नये. दोषाची किंमत दोषी माणसाकडून घ्यावी. त्या वसुलीची जोखीम पीडितावर टाकू नये.

हे सारे मी भाच्याला सांगितले. हप्ता वाढला म्हणजे पाप फिटले असे समजू नकोस, तो केवळ इतरांवर टाकलेल्या भाराचा हिशेब आहे, असेही सुनावले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “मामा, पुढे त्या बाईचं काय झालं?”

मला उत्तर देता आले नाही. ‘वसुलीयोग्य मालमत्ता आढळली नाही’ असा शेरा मारून, सही करून, मी ते प्रमाणपत्र परत पाठवले होते. नंतर माझी बदली झाली. तीस वर्षांत मी एकदाही चौकशी केली नाही. माझ्या विम्याच्या कागदावर पन्नास टक्के सूट आजही आहे. हा दोष तेथे कोणी नोंदलेला नाही.