जिभेची गाठ



सभेत उभे राहण्याची वेळ आली की घसा कोरडा पडतो, पाठ केलेले शब्द ऐनवेळी सापडत नाहीत आणि छाती आतून आवळल्यासारखी होते. काही मंडळी याला ईमानचा दुबळेपणा समजतात. तसे असते, तर पवित्र कुरआनने हीच अवस्था एका महान प्रेषिताच्या तोंडून सांगितली नसती.

तुवाच्या पवित्र खोऱ्यात हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली. त्यांनी आपली अडचण लपवली नाही. छाती दाटून येते, जीभ चालत नाही, हे त्यांनी अल्लाहपुढे मांडल्याचे सूरह शुअरामध्ये आहे. भाऊ हारून (अ.) यांची वाणी अधिक स्पष्ट असल्याने त्यांना सोबत द्यावे, ही विनंती सूरह कससमध्ये येते. आणि सूरह ताहाच्या 25 ते 28 या आयतींत ती सुपरिचित दुआ आहे: हृदय मोकळे व्हावे, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी. मुलांकडून आपण ती परीक्षेपूर्वी म्हणून घेतो, पण तिचा शेवट घाईत निसटून जातो. गाठ सुटावी ती कशासाठी? लोकांना आपले म्हणणे समजावे, एवढ्यासाठी. दरबार थक्क व्हावा, वाहवा मिळावी, असे काहीच त्या मागण्यात नाही. मुफस्सिरांनी एक बारकावाही टिपला आहे. मूळ शब्द ‘एक गाठ’ असा आहे; समजण्यापुरती वाणी मोकळी झाली की पुरे. पुढे सूरह जुख्रुफमध्ये फिरऔन त्यांच्या बोलण्यावरून टोमणा मारतोच. संदेश मात्र पोहोचायचा राहिला नाही.

मला हे मदरशात शिकवले गेले होते. उमगले मात्र फार उशिरा. बी.ए.ला मराठी शिकवणारे माझे सर वारले आणि शोकसभेत मला बोलायला सांगितले. दर जुम्याला बयान करणारा मी. पण त्या सभागृहात टोपी घातलेला मी एकटाच होतो. ‘ण’ आणि ‘ळ’ नीट उमटतील ना, हीच एक चिंता. तिसऱ्याच वाक्याला पाठांतर तुटले. समोर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहिले तेव्हा लक्षात आले, इथे माझ्या उच्चारांची परीक्षा घ्यायला कोणीही आलेले नाही. कागद खिशात घातला. रमजानमध्ये तोंडी परीक्षेला सर माझा क्रमांक आधी लावत, मला इफ्तारपूर्वी घरी पोहोचता यावे म्हणून. तेवढे सांगितले आणि खाली बसलो. छाती तेव्हाही धडधडत होतीच. पण मघाशी माझे सगळे लक्ष माझ्यावर होते, आणि त्या भीतीत नफ्सचा वाटा किती होता, हे मला मान्य केलेच पाहिजे.

भीतीपोटी गप्प राहण्यालाही किंमत मोजावी लागते. सहीह बुखारीत प्रसंग आहे. मुसलमानाशी साम्य असलेले झाड कोणते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीदारांना विचारले. खजुराचे, हे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात आले होते, पण वय लहान, समोर थोर मंडळी, म्हणून ते लाजून गप्प राहिले. नंतर त्यांनी वडिलांना सांगितले, तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की तू बोलला असतास तर मला मोठ्या संपत्तीहून अधिक आनंद झाला असता. रागावले नाहीत, हे ध्यानात घ्या. आपल्या घरांत उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी आहे, नळाच्या पाण्याचा प्रश्न मनात घेऊन ग्रामसभेतून तसाच परतणारा बाप आहे. त्यांना घरी कोणी असे म्हणते का?

मग करावे काय? दुआ करावी, तयारी करावी आणि थोडके बोलावे. नमाज लांब आणि खुत्बा आटोपशीर असणे ही माणसाच्या समजेची खूण आहे, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. आम्हा इमामांनीही ती अधूनमधून वाचायला हरकत नाही! सावकाश बोलावे. प्रेषितांचे (स.) शब्द मोजता येतील इतके संथ असत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. आणि मूसा (अ.) यांनी भावाला सोबत मागितले, तसे आपणही एखाद्या आपल्या माणसाला पहिल्या रांगेत बसायला सांगावे. शोकसभेहून परतताना मला तेच राहून गेल्याचे जाणवले. धाकटा भाऊ बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता, त्याला मी आत बोलावलेच नव्हते.