येण्याचं कारण, राहण्याचं कारण

फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे. १९८६ साली ती सुरू केली मॅक्सीन बर्नसन यांनी. बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या. ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमलाताई निंबकरही जन्माने अमेरिकनच, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका अमेरिकन बाईने दुसऱ्या अमेरिकन बाईच्या नावाने मुलांना मराठीतून शिकवणारी शाळा काढली, ही गोष्ट मला महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात फार मोलाची वाटते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कासेगावला, मिनिॲपोलिसमध्ये जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्वेट सासरी राहून महात्मा फुल्यांवर, धरणग्रस्तांवर, शेतकरी बायकांवर लिहीत होत्या, तोही हाच काळ.

माणसं देश का सोडतात, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. घराघरात कुणीतरी बाहेर गेलेलं असतं किंवा जायच्या तयारीत असतं. पण उलट दिशेने कुणी आलं की आपला एकच प्रश्न ठरलेला: ‘सगळं सोडून इथे कशाला आलात?’ प्रश्नात कौतुक असतं, तसंच आपण ज्याला ‘सगळं’ म्हणतो ते तिकडेच आहे अशी खात्रीही असते. म्हणून मग उत्तरही आपणच पुरवतो. अध्यात्माची ओढ म्हणतो, प्रेमविवाह म्हणतो, नाहीतर समाजसेवा म्हणून मोकळे होतो. इतक्या आयुष्यांची बोळवण एकेका शब्दात व्हावी, हे बरं नव्हे.

स्थलांतराचे नियम शोधायचा पहिला मोठा प्रयत्न १८८५ साली अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून केला. बहुतेक लोक जवळच्या जवळच हलतात, लांब जाणारे व्यापाराच्या मोठ्या शहरांकडे जातात आणि लोकांच्या प्रत्येक ओघाला एक उलटा ओघ असतो, असं त्यांनी मांडलं. पुढे १९६६ साली एव्हरेट ली यांनी त्याची नीट चौकट केली. सुटणाऱ्या ठिकाणची कारणं, नव्या ठिकाणची कारणं, मधले अडथळे आणि माणसाची स्वतःची परिस्थिती असे चार भाग त्यांनी केले. यातल्या पहिल्या दोन भागांवरच सगळी चर्चा होते. पगार, युद्ध, बेकारी, हवा, दवाखाने, मुलांची शिक्षणं. ही कारणं खोटी नाहीत. पण संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज पाहा. जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं सुमारे ३० कोटी ४० लाख, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. शंभरातली शहाण्णव माणसं आपापल्या देशातच आहेत. ढकलणारी आणि ओढणारी कारणं तर कोट्यवधींच्या वाट्याला येतात. तरीही एवढे थोडेच का हलतात? मग लींच्या चौथ्या भागाकडे, त्या त्या माणसाकडे, बघावंच लागतं.

आणि तसं बघायला गेलं की यायचं कारण आणि राहायचं कारण ही दोन वेगळी असतात, हे लगेच ध्यानात येतं.

जे. बी. एस. हाल्डेन या थोर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. १९५७ साली ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. जाहीर कारण होतं सुएझ कालव्यावरचा ब्रिटनचा हल्ला. पण संस्थेचे प्रमुख महालनोबिस यांचं आमंत्रण हाताशी होतं, निवृत्तीचं वय जवळ आलं होतं, उबदार हवेची ओढ होती. शिवाय लंडनमध्ये स्परवेबाईंचा पोलिसांशी खटका उडून, दंड भरायला नकार देऊन, त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि त्यात त्यांची कॉलेजातली नोकरीही गेली होती. यातलं खरं कारण कोणतं? माझ्या मते सगळीच. मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. १९६१ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्याच सुमाराला महालनोबिसांशी त्यांचं बिनसलं आणि संस्था सुटली. ज्यासाठी आले ते संपलं होतं. तरी ते लंडनला परतले नाहीत. भुवनेश्वरला गेले, तिथे प्रयोगशाळा उभी करायला लागले आणि १९६४ साली तिथेच वारले. देह त्यांनी काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

फलटणचीच गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एलिझाबेथ लंडी या क्वेकर घरातल्या मुलीने विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केलं ते १९३० च्या सुमाराला. त्या काळात अमेरिकेचा कायदा असा होता, की ज्याला अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परक्याशी लग्न करणाऱ्या बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. भारतीय माणसाला ते मिळू शकत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निकाल होता. १९३१ साली हा नियम उठला. त्याआधी भारतीयाशी लग्न करणं म्हणजे काय पणाला लावणं होतं, याची यावरून कल्पना येते. पण नवऱ्याचा देश म्हणून इथे नांदणं एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या विषयाची भारतातली पहिली शाळा त्यांनी सुरू केली. अपघातात हात गेलेल्या, पोलिओने पाय लुळे पडलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं, बटण लावता यावं, कामावर जाता यावं, याचं ते शास्त्र. लग्नाने त्यांना भारतात आणलं. या कामाने त्यांना इथलं केलं.

मॅक्सीन बर्नसन यांचं फलटणला येणं तर निव्वळ अभ्यासासाठी. भाषाविज्ञानाच्या पीएचडीसाठी १९६६ साली त्या फलटणला आल्या. विषय होता फलटणची बोली. वेगवेगळ्या जातींतली, शिकलेली-न शिकलेली माणसं कशी बोलतात, एकाच गावात मराठीची किती रूपं नांदतात, हे टिपायचं. अशा अभ्यासाला घरोघरी बसावं लागतं, ऐकावं लागतं. लेखिका जई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं केली, ती आजवर वापरात आहेत. सामग्री जमली, प्रबंध झाला, पदवी मिळाली. इथून पुढे शेकडो संशोधक करतात तेच त्यांनाही करता आलं असतं. एखाद्या विद्यापीठात नोकरी, दर दोन-तीन वर्षांनी एक फेरी, एक पुस्तक.

पण कान उघडे ठेवून वस्तीवस्तीत बसलेल्या बाईला एक गोष्ट दिसत होती. मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीतली चुणचुणीत पोरं शाळेत जाऊन चार-चार वर्षं काढतात आणि वाचायला न शिकताच बाहेर पडतात. घरी बोलायची मराठी वेगळी, पुस्तकातली वेगळी, आणि मास्तर घरच्या मराठीला अशुद्ध म्हणणार. हे भाषाविज्ञानाच्या माणसाइतकं नेमकं कुणाला कळणार? त्यांनी त्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, वाचन शिकवायची एक पद्धत आकाराला आली. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी घोकून होईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. मोजकी अक्षरं आणि दोन-तीन काने-मात्रे द्यायचे आणि त्यांतूनच शब्द, वाक्यं, छोट्या गोष्टी लगेच वाचायला लावायच्या. ज्या पोराने पहिल्या काही आठवड्यांतच एक आख्खं वाक्य स्वतःचं स्वतः वाचलं, ते पोर शाळा सोडत नाही. बर्नसन यांनी पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. कोणत्याही एका दिवशी ‘आता मी इथेच राहणार’ असं ठरवून हे झालं असेल, असं मला वाटत नाही. उद्या सकाळी वर्गात यायची मुलं होती आणि त्यांना दुसऱ्या कुणावर सोडून जाता येत नव्हतं. वर्षं अशीच जातात आणि माणूस त्या गावचा होतो.

गेल ऑम्वेट प्रथम १९६३ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आल्या, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पीएचडीसाठी. महाराष्ट्रातली ब्राह्मणेतर चळवळ हा विषय आपल्याकडच्या विद्यापीठांनीही तोवर बाजूला ठेवलेला. बर्कलीहून आलेल्या या तरुणीने सत्यशोधकांची मराठी कागदपत्रं धुंडाळली आणि फुल्यांना जगाच्या अभ्यासविश्वात ठाम जागा मिळवून दिली. १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ साली भारताचं नागरिकत्व. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे अमेरिकेचा पासपोर्ट सोडून. घर कुठलं, तर ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या चळवळीत घडलेल्या सासूबाई इंदूताई पाटणकरांचं. मोर्चे, परिषदा, टाकलेल्या बायकांची लढाई, येरळा नदीवरचं लोकांनी स्वतः बांधलेलं बळीराजा धरण, या सगळ्यात त्या पदर खोचून होत्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं. त्यांना कुणी ‘परदेशी विदुषी’ म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. कासेगावातल्या बायकांना त्या परदेशी वाटत नव्हत्या. ज्यांच्याशी रोज काम पडतं त्यांना माणूस परका वाटत नाही.

याची दुसरी बाजूही महाराष्ट्रातच सापडते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियाने घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेल्या कुटुंबांतल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं इराणमार्गे इथे आली होती. त्यांची छावणी म्हणजे एक गावच होतं. चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं होत होती. कोल्हापूरने त्यांना मायेने ठेवलं आणि ती माणसं ते ऋण अजून मानतात. तरीही युद्ध संपल्यावर जवळजवळ सगळी गेली, कुणी ब्रिटनला, कुणी ऑस्ट्रेलियाला. लग्न करून इथे राहिलेल्या मुली अगदी मोजक्या. आसरा मिळणं फार मोठी गोष्ट आहे, पण छावणीतल्या माणसाला गावाने काही काम सांगितलेलं नसतं. तिथे तो सुरक्षित असतो आणि वाट पाहत असतो.

मीराबेन यांचं जाणं जास्त चटका लावणारं आहे. ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी, मॅडलिन स्लेड, १९२५ साली गांधीजींकडे साबरमतीला आली. वर्ध्याजवळच्या शेगावात, पुढे ज्याचं सेवाग्राम झालं तिथे, गांधीजींच्याही आधी जाऊन राहिली. खादी नेसली, तुरुंग भोगले, हिंदी आत्मसात केली. १९४८ नंतर हिमालयाच्या पायथ्याशी गाईगुरं आणि जंगलं यांसाठी तिने कष्ट घेतले. पण १९५९ साली, चौतीस वर्षांनी, तिने भारत सोडला आणि उरलेलं आयुष्य ऑस्ट्रियात काढलं. तिला दोष द्यायचा अधिकार आपल्याला नाही. ती ज्यांच्यासाठी आली ते एक माणूस होतं. ते गेल्यावर स्वतंत्र भारताने तिच्या हातात सोपवलेलं असं काही फारसं उरलं नव्हतं. तिच्या जंगलाविषयीच्या सूचनांकडे तेव्हा लक्ष दिलं असतं, तर कदाचित ती राहिली असती आणि आपलंही भलं झालं असतं.

आता जगात दुसरी तऱ्हा रुळली आहे. पोर्तुगालने २०१२ साली ‘गोल्डन व्हिसा’ काढला. पाच लाख युरोंचं घर घ्या, वर्षाकाठी सरासरी सात दिवस देशात राहा, निवासाचा परवाना तुमचा. कितीतरी श्रीमंतांनी तो घेतला. लिस्बनमध्ये घरांच्या किमती तिथल्याच लोकांच्या आवाक्याबाहेर गेल्या. त्याला कारणं आणखीही होती, पण लोकांचा संताप एवढा वाढला की २०२३ साली घरखरेदीची वाट सरकारला बंद करावी लागली. वर्षातले सात दिवस राहणाऱ्याला शेजार माहीत होणार तो कसा? अशा माणसाने परवाना विकत घेतला, एवढंच म्हणता येईल. स्थायिक झाला असं मी तरी म्हणणार नाही.

यायचं कारण आणि राहायचं कारण वेगळं असतं, हे न्यू जर्सीतल्या किंवा टोरांटोतल्या मराठी घरांतही दिसतं. गेले ते पगारासाठी, शिक्षणासाठी. पण वीस वर्षांनी तिथे धरून ठेवणारं काहीतरी निराळंच असतं. रुग्णालयातली पाळी, नातवंडांची शाळा, रविवारी चालवायचा मराठीचा वर्ग. ‘परत का येत नाही?’ असं त्यांना विचारताना हे लक्षात घ्यायला हवं.

आपल्या कायद्यात एक सुंदर अट आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे इथे बारा वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाने नागरिकत्व मागितलं, तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा त्याला पुरेशी यायला हवी. त्यात मराठी आहे. म्हणजे फलटणची किंवा कासेगावची भाषा शिकून माणूस भारतीय होऊ शकतो. पण ती बारा वर्षं काढायची कशी? अभ्यासाचा व्हिसा अभ्यासापुरता. नोकरीच्या व्हिसाला, काही अपवाद सोडले तर, किमान पगाराची अट, आणि वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्याला तो पगार कोण देणार? व्हिसावर आलेल्याने आंदोलनाच्या मांडवात बसणं म्हणजे परत पाठवणीला आमंत्रण. सुरक्षिततेची काळजी सरकारने घ्यायलाच हवी. पण प्रबंध संपल्यावर ‘मला इथलं हे काम पुढे करायचं आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाला, गावाने आणि स्थानिक संस्थेने हमी दिली तर, थांबता यावं अशी एक वाट कायद्यात जरूर असावी. आपल्या खासदारांनी ती मागावी. आणि तोवर आपल्या तालुक्यात असं कुणी येऊन राहिलं असेल, तर सगळं सोडून कशाला आलात हे विचारू नका. त्यांच्या कामात काय हातभार लावता येईल, ते विचारा.