आज उडत नाही

गेल्या दिवाळीत मुरगूडला गेलो, तेव्हा माझ्या चुलतबहिणीने फराळाच्या ताटाशेजारी आपला मोबाइल ठेवला. त्यावर दोन पीडीएफ होत्या. दोन प्रादेशिक विमान कंपन्यांकडून आलेली नोकरीची पत्रं. उत्तर द्यायला तिच्याकडे आठ दिवस होते.

“दादा, तू इंजिनिअर आहेस न्हवं? मग सांग की, कुठली घेऊ?”

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. बारावीनंतर सगळे इंजिनिअरिंगच्या रांगेत उभे असताना ही एकटी म्हणाली, मला पायलट व्हायचंय. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर तिने प्रशिक्षण घेतलं, कमर्शियल लायसन्ससाठी लागणारे २०० तास पूर्ण केले. त्यासाठी तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन विकली आणि वर बँकेचं कर्ज काढलं. लायसन्स हातात आल्यावर दीड वर्ष ती घरीच होती. त्यामुळे एकदम दोन पत्रं येणं ही आमच्या घरात पेढे वाटायचीच गोष्ट होती. पेढे वाटूनही झाले होते. निवड तेवढी राहिली होती.

मुरगूडच्या माणसाला असली निवड नवीन नाही. आमच्या एका अंगाला बिदरीचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला हमीदवाड्याचा. ऊस कुणाला घालायचा, यावरून घराघरात वाद होतात. दर कोण जास्त देतो हा त्यातला एक प्रश्न. तोड वेळेवर कोण देतो, वजन कुणाचं चोख, कायद्यातल्या १४ दिवसांत बिल कोण जमा करतो, आणि पाच वर्षांनी कोण टिकून असेल, हे बाकीचे. तात्यांनी विमान कंपन्यांकडेही त्याच नजरेने पाहिलं. “दर सांगू नगंस,” ते म्हणाले, “टिकणार कोण, ते सांग.”

नेमकं तेच सांगणं अवघड होतं. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. पण मधली कित्येक वर्षं तिथे नियमित विमानच नव्हतं. २०१६ मध्ये केंद्राची उडान योजना आली. छोट्या शहरांच्या मार्गांवर काही जागांचं तिकीट तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधून द्यायचं आणि कंपनीला पडणारी तूट सरकारने तीन वर्षं भरून काढायची, असं तिचं गणित. त्यातून कोल्हापूरला पुन्हा विमानं येऊ लागली. आपल्याच भागातल्या घोडावत समूहाने २०१९ मध्ये स्टार एअर सुरू केली. ट्रूजेट कोल्हापूरहून मुंबईला जायची. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. आणि मोठ्या कंपन्या तरी कुठे टिकल्या? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये.

कंपनी बंद पडली तर पायलटला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त महागात पडतं. मी पुण्यात नोकरी बदलली की पगार वाढतो. पायलटची ज्येष्ठता मात्र जुन्या कंपनीतच राहते. नव्या ठिकाणी बहुतेकदा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. शिवाय ज्या विमानाचं टाइप रेटिंग आहे, तेच विमान चालवता येतं. एटीआर चालवणारा उद्या उठून एअरबस चालवू शकत नाही. त्यासाठी पुन्हा शिक्षण, पुन्हा पैसे.

मग मी मला जे येतं ते केलं. एक्सेल उघडलं. पगार, बेस, टाइप रेटिंगचा खर्च, बाँड, कॅप्टन व्हायला लागणारी वर्षं, कंपनी टिकण्याची शक्यता. प्रत्येक रकान्याला वजन दिलं. पहिल्या कंपनीचा पगार चांगला होता, पण टाइप रेटिंगचा खर्च स्वतः करायचा होता, म्हणजे कर्जावर आणखी कर्ज. दुसरी तो खर्च करणार होती, पण पगार कमी आणि काही वर्षांचा बाँड. बेरीज झाली. पहिलीला ७.४, दुसरीला ६.१. मी मोबाइल तिच्याकडे सरकवला.

तिने तक्ता नीट वाचला. मग म्हणाली, “बरोबर आहे, दादा. पण मी दोन्हीकडच्या एकेका पायलटला एक प्रश्न विचारलाय. तो ह्यात कुठं बसत न्हाई.”

प्रश्न असा होता: ‘मी दमलोय, आज उडत नाही’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? आणि दुसऱ्या दिवशी काय झालं?

पहिल्या कंपनीतला पायलट हसला. अजून तशी वेळ आली नाही म्हणाला, आणि ट्रेनिंगबद्दल बोलू लागला. दुसऱ्याने सरळ सांगितलं. मागच्या महिन्यात. लहान मुलाला ताप होता, रात्रभर झोप नव्हती, पहाटे फोन करून कळवलं. राखीव पायलट आला, विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. दुसऱ्या दिवशी एक फॉर्म भरला.

“एवढंच?” तिने विचारलं होतं.

“एवढंच.”

एका माणसाच्या उत्तरावरून अख्खी कंपनी ओळखता येत नाही, हे मी तिला सांगितलं. नियम दोघांनाही सारखेच आहेत, थकलेल्या पायलटने उडायचं नाही हे दोन्हीकडे लिहिलेलं आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, लिहिलेलं आहे हे तिलाही माहीत आहे. ते वापरल्यावर काय होतं, हे तिला हवं होतं.

रात्री झोप येईना म्हणून मी कोझिकोडच्या अपघाताबद्दल वाचत बसलो. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पावसात तिथल्या टेकडीवरच्या धावपट्टीवर उतरलं, पण निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकलं, थांबलं नाही, आणि पलीकडे खाली कोसळलं. २१ माणसं गेली. त्यांत दोन्ही पायलट होते. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले अनुभवी वैमानिक. त्यांच्यासाठी तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता.

तपासाचा अहवाल २०२१ मध्ये आला. विमान स्थिर नसतानाही उतरण्याचा प्रयत्न पुढे चालू ठेवला गेला, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर चला, असं सांगूनही विमान टेकवलं गेलं, आणि सहवैमानिकाने ताबा आपल्याकडे घेतला नाही, हे त्यातलं संभाव्य कारण. पण अहवाल तेवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनना कोझिकोडहून पुढचं उड्डाण करायचं होतं आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, याचीही तो दखल घेतो. कॉकपिटमधल्या त्या काही सेकंदांत कुठेतरी दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रकही बसलेलं होतं.

माझी बहीण ज्या खुर्चीत बसणार आहे, ती सहवैमानिकाची. ‘पुन्हा वर चला’ म्हणण्याची जबाबदारी तिची असणार आहे. आणि ते पुरलं नाही, तर त्यापुढचीही.

दुसरा अपघात अमेरिकेतला. फेब्रुवारी २००९ मध्ये कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ पडलं. ५० माणसं गेली. सहवैमानिक तरुण होती, पगार तुटपुंजा, राहायची सिएटलला आणि कामाचा तळ देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री विमानांतूनच प्रवास करत ती कामावर आली होती. तिला सर्दी झाली होती. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती कॅप्टनला सांगते की घरी असताना असं वाटलं असतं तर निघालेच नसते. पण आता आजारी म्हणून कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च स्वतः करावा लागेल. अपघाताचं मुख्य कारण वेळ आल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होतं, तिची सर्दी नव्हे. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ती त्या दिवशी उडाली, कारण न उडणं तिच्या खिशाला परवडत नव्हतं.

‘नाही’ म्हणायला हिंमत लागते, असं आपण मानतो. न म्हणणाऱ्याला भित्रा ठरवतो. मला आता वाटतं, हिंमत नंतरची गोष्ट आहे. ‘नाही’ आधी परवडावं लागतं. ज्याचा पगार एक महिना चुकला तर हप्ता चुकतो, त्याला हिंमतीचे धडे देणं सोपं आहे. म्हणून कुठली कंपनी निवडायची, या प्रश्नाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. कुठे जास्त मिळेल, एवढाच तो उरला नाही. कुठे गेल्यावर माझं ‘नाही’ मला सर्वांत स्वस्त पडेल, असा झाला. पायलटच्या बाबतीत तर तो नुसता स्वतःच्या सोयीचा प्रश्नच नाही. मागे बसलेल्या सत्तर माणसांनी तिकीट काढताना त्या ‘नाही’वरच विश्वास ठेवलेला असतो, आणि त्यांना ते माहीतही नसतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पायलटने वाटेल तेव्हा ‘नाही’ म्हणायचं ठरवलं तर कंपनीने चालायचं कसं? २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ पायलट नोटिशीचा काळ पूर्ण न करता निघून गेले. कंपनी कोर्टात गेली, विमानं रद्द झाली, ज्यांचं कुणाशी काही भांडण नव्हतं असे प्रवासी अडकले. सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष आधी सांगायचं, हा २०१७ पासूनचा नियम याचसाठी आहे. दोन विमानांवर मार्ग चालवणाऱ्या छोट्या कंपनीत एक पायलट गेला तरी एखाद्या गावाचं विमान बंद पडू शकतं.

पण ‘आज उडत नाही’ आणि ‘उद्यापासून येत नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं प्रवाशांसाठी म्हटलेलं असतं, दुसरं स्वतःसाठी. दुसरं म्हणायचाही हक्क आहे, पण त्याची किंमत आपण मोजायची, ठरलेला काळ थांबून. पहिल्याची किंमत मोजायला लावणं मात्र चूक. बहिणीला मी बाँडबद्दल हेच म्हणालो. त्यांनी शिकवलं, तू काही वर्षं राहशील, हा व्यवहार सरळ आहे. पण त्यांनी शिकवलं म्हणून दमलेली असताना उडशील, हा व्यवहार नाही.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, म्हणून माझंही सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीत शुक्रवारी रात्री एक बदल लाइव्ह करायचा होता. टेस्टिंग अर्धवट होतं आणि ते मला माहीत होतं. थांबू या, असं मी म्हणू शकलो असतो. अप्रेजल दोन आठवड्यांवर होतं, फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. मी गप्प बसलो. काही शे लोकांच्या खात्यातून पैसे दोनदा गेले. चार दिवसांत परत आले, कुणी मेलं नाही, मला साधा मेलसुद्धा आला नाही. त्या चार दिवसांत कुणाची फी अडली, कुणाचं औषध अडलं, ते मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात तात्या धार काढत होते. बहिणीने त्यांना पायलटच्या उत्तराचं सांगितलं, मी हप्त्याचं सांगितलं. दुसऱ्या कंपनीच्या पगारात तिचा खर्च आणि हप्ता दोन्ही भागणार नव्हतं. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ब्रेक लागंना झाल्यावर भरल्याली ट्रॉली उताराला घालतो का आपण? पाळी चुकली तर चुकली. पयली दोन वर्सं हप्त्याचं मी बघतो, उसाच्या बिलातनं. हप्त्यापायी उडायचं न्हाई.”

तिचा धाकटा भाऊ तिथेच होता. उसाच्या बिलातून या वर्षी जुना ट्रॅक्टर बदलायचा, असं ठरलं होतं. तो काही म्हणाला नाही. वैरणीची पेंढी उचलून म्हशीपुढे टाकायला गेला.

तिने दुसरी कंपनी घेतली. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण त्या पेंढी उचलणाऱ्या पाठीकडे बघताना सगळं जमाखर्चात बसलं असं वाटलं नाही. तिचं ‘नाही’ स्वस्त झालं, कारण त्याचा काही भाग दुसऱ्याने भरला. ज्या घरात विकायला वीस गुंठे नसतात, बिलाला ऊस नसतो, तिथल्या पायलटने काय करायचं? तिथे हे काम कंपनीने आणि नियमाने करायला हवं, घरच्यांच्या मायेने नव्हे.

तोपर्यंत तुम्ही कुठल्याही नोकरीच्या मुलाखतीला जात असाल, तर तिचा प्रश्न घेऊन जा. इथे शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं? मी तो अजून कुणाला विचारलेला नाही. माझे हप्ते अजून सतरा वर्षांचे आहेत.