गळती कोठें आहे?

शास्त्रपाठ : इब्री 2:1, योहान 4:5–9



ऐकलेलें वचन निसटून जाऊं नये म्हणून इब्री लोकांच्या पत्रांत जो इशारा आहे, त्याच्या जागीं 1611 च्या इंग्रजी भाषांतराच्या समासांत गळक्या भांड्याची उपमा सुचविली आहे. भांडें गळलें तर पाणी बाहेर जातें. होडी गळली तर तें आंत येतें. आज आम्ही होडीविषयीं सांगणार आहों.

न्यूझीलंड देशांतील कित्येक नद्या उथळ व गोट्यांनीं भरलेल्या आहेत. तेथें साध्या यांत्रिक होडीचा पंखा दगडावर आपटून मोडतो. म्हणून विल्यम हॅमिल्टन नांवाच्या तेथील एका मेंढ्या पाळणाऱ्या गृहस्थानें 1954 सालीं झोतावर चालणारी होडी बांधली. हिला जेट बोट म्हणतात. हिचें यंत्र तळाच्या जाळींतून नदीचें पाणी ओढून घेतें व मागच्या तोंडांतून जोरानें फेंकतें. त्या धक्क्यानें होडी पुढें जाते. 1977 सालीं एडमंड हिलरी अशाच तीन होड्या घेऊन गंगेच्या मुखापासून वर निघाले, ते नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंत गेले.

ह्या होडीच्या पोटांतूनच नदी वाहते. तरी बसावयाच्या जागीं थेंबही येतां कामा नये. पंखा फिरविणारा दांडा जेथें नळींत शिरतो तेथील सील, जाळींत अडकलेला कचरा काढण्याच्या झांकणाची रबरी कडी, यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या, मागच्या फळीवरील जोड, ह्या साऱ्या जागा संशयाच्या. आणि सर्वांच्या आधीं तळाचें बुच पाहावें. हंसूं नका, बुच विसरून होडी पाण्यांत ढकलणारे अनुभवी नावाडीही असतात.

साचलेलें पाणी पाहून गळती सांपडत नाहीं. पाणी कोठूनही येवो, तें उताराला धांवतें आणि मागच्या बाजूस जमतें. म्हणून जाणता कारागीर आधीं तळ पुसून कोरडा करतो. मग होडी गाड्यावर चढवून आंत थोडें पाणी ओततो व बाहेरून तळाखालीं निजून पाहतो. पण कांहीं गळत्या ह्यानेंही कळत नाहींत. होडी उभी असतां कोरडी. यंत्र जोरानें चालूं लागून नळ्यांत दाब आला, कीं पाणी झिरपूं लागतें. तेव्हां पाण्यावर जाऊन, होडी चालवूनच पाहावें लागतें.

होडींत पाणी उपसण्याचा पंप असतो. मोठा उपयोगी, पण तो मालकाला फसवितो. तो पाणी फेंकीत राहतो, आणि मालक समजतो कीं होडी सुस्थितींत आहे.

बंधूंनो, आमच्या मंडळ्यांत पंप पुष्कळ आहेत. पश्चात्तापाच्या सभा होतात, रात्रभर प्रार्थना होतात, डोळ्यांतून पाणी वाहतें. तें खोटें नव्हे. बुडत्या होडींतला पंप बंद करा असें कोण म्हणेल? परंतु पुढल्या वर्षीं त्याच दोन घराण्यांचा तोच तंटा पुन्हां उपदेशकापुढें येतो. आम्ही उपदेशक लग्नाच्या पंगतींतला मान, स्मशानांतला शब्द, असें साचलेलें पाणी तेवढें पाहतों व तेथेंच लेप फांसतों. गळती पुष्कळदां दूर असते. बाप्तिस्म्याच्या वेळीं जी जात सोडली म्हणून सांगितलें, ती कित्येक घरांत शाबूत आहे. आमच्याही घरांत ती नाहीं असें आम्ही छातीला हात लावून म्हणूं शकत नाहीं. रविवारीं सर्व एका सतरंजीवर बसतात. होडी उभी आहे, कोरडी आहे. मुलीची सोयरीक निघाली किंवा उन्हाळ्यांत विहीर आटली, म्हणजे दाब येतो.

दुरुस्तीला कष्ट आहेत. ओल्या व मळक्या जागीं लेप धरत नाहीं. झिजलेली कडी काढून नवीच बसवावी लागते. पत्र्याला चीर गेली असेल, तर ती कोठवर गेली हें शोधून तिच्या टोकांस बारीक भोंक पाडतात, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. मगच ती घांसून वेल्डिंग करतात. नोहालाही तारवास आंतून व बाहेरून, दोन्हीकडून डांबर लावण्याची आज्ञा होती.

आणि दुरुस्ती झाली असें कारागिरानें म्हटल्यानें ती झाली असें होत नाहीं. होडी पुन्हां पाण्यांत घालून, दाबाखालीं चालवून पाहतात. सुखार गांवाच्या विहिरीपाशीं आमच्या प्रभूनें शोमरोनी स्त्रीपाशीं पाणी मागितलें, तेव्हां तिलाच नवल वाटलें. ह्या आठवड्यांत, प्रभुभोजनास बसण्यापूर्वी, ज्या घरचें पाणी आपण आजवर कांहीं ना कांहीं निमित्तानें टाळलें, त्या घरीं जाऊन ओट्यावर बसावें, आणि एक तांब्या मागावा.