कायले आला रे तू?

आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर माझे पप्पा सहा रात्री झोपले. आत व्हेंटिलेटरवर त्यांचे मोठे भाऊ होते. त्याआधीची नऊ वर्षं हे दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

भांडण पाण्याचं होतं. आमच्या रावेरकडे मोठी भांडणं बहुतेक पाण्याची नाहीतर बांधाची असतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की केळीला रोज पाणी लागतं. त्यात खाडा पडला की पानं करपतात, घड पोसत नाहीत, आणि दोन आठवडे गेले तर बाग हातातून जाते. आमची ट्यूबवेल सामाईक, पाइपलाइन भाऊंच्या शेतातून यायची. (पप्पा त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून आम्हीही.) मी अकरावीत असताना, ऐन मे महिन्यात, भाऊंनी ती पाइपलाइन तोडली. का तोडली याची दोन घरांत दोन कारणं सांगतात. आमची बाग गेली. पुढे माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पप्पांनी कोणाकोणापुढे हात पसरले ते मी पाहिलंय. त्यामुळे राग माझाही होता. पप्पांना तो विसरायला रोज शेतातलं काम होतं. मला होस्टेलच्या खोलीत तो जपायला भरपूर वेळ होता.

भाऊ जळगावला ॲडमिट आहेत असा फोन आला, तेव्हा मी पुण्याहून रात्रीची बस धरली. बसमध्ये एकच प्रश्न डोक्यात होता. मरायला टेकलेल्या माणसावर रागावता येतं का? की अशा वेळी राग सोडून द्यायचा असतो, देवळाबाहेर चपला सोडतो तसा?

सिनेमांनी या प्रश्नाचं उत्तर आपल्याला बरंचसं पढवून ठेवलं आहे. रॉबिन विल्यम्सचा 2014 चा ‘द अँग्रिएस्ट मॅन इन ब्रुकलिन’ आठवा. सतत जगावर डाफरणारा एक माणूस डॉक्टरशीही भांडतो. वैतागलेली डॉक्टर सांगून टाकते, तुझ्याकडे नव्वद मिनिटं उरलीत. मग हा गडी बायको, भाऊ, मुलगा यांच्याशी सगळं नीट करायला शहरभर धावतो. आमच्या कामातली डेडलाइनच ती. तारीख जवळ आली की माणूस फालतू फीचर्स सोडून महत्त्वाचं तेवढं उरकतो. सिनेमाच्या हिशेबात राग हे फालतू फीचर.

आपल्याकडचा राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ (2016) मला यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. दिग्दर्शनासह तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा सिनेमा अनेकांनी ‘मस्त फॅमिली कॉमेडी’ म्हणून पाहिला, आणि ते खोटं नाही. गणपती तोंडावर आलेत, घरातले गजानन कामेरकर व्हेंटिलेटरवर आहेत, आणि जमलेल्या गोतावळ्याला माणसाइतकीच सुतकाची काळजी आहे. तशा कॉरिडॉरमध्ये मी बसलोय. तिथे खरंच असंच असतं. कोणी रडतं, कोणी वडापाव आणतं, कोणी मोबाइलवर केळीचा भाव बघतं. आमच्याकडे एका आत्याने ऑक्सिजनचे आकडे विचारता विचारता माझ्या लग्नाचा विषय काढला.

पण या हशाच्या मधोमध जितेंद्र जोशीने उभा केलेला प्रसन्ना आहे. बापावर वर्षानुवर्षं रागावलेला मुलगा. त्याची अडचण मला बाकड्यावर बसून कळली. राग म्हणजे शेवटी एक तक्रार असते, आणि तक्रारीला उत्तर हवं असतं. इथे उत्तर देणाऱ्याच्या तोंडात नळी आहे. भांडणाच्या दोन्ही बाजू आता एकट्यालाच लढवायच्या. नळी काढायची की ठेवायची, याबद्दल निदान कायदा तरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली, आपल्या उपचारांबद्दल माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. आपल्यावर कोणाचा राग शिल्लक आहे आणि त्याचं काय करायचं, यासाठी असा कोणताही कागद नाही.

रागावर औषध म्हणून मृत्यू आठवा, हा सल्ला फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन तत्त्वज्ञ सेनेका रागावर आख्खा ग्रंथ लिहितो आणि शेवटी याच मुद्द्यावर येतो. त्याचं म्हणणं साधारण असं, की तुझ्या शत्रूचं तू जास्तीत जास्त वाईट काय चिंतशील? मरण. ते तर तू स्वस्थ बसलास तरी येणारच आहे, आणि तुलाही येणार आहे. मग असलेला वेळ कशाला नासवतोस?

वाचताना पटतं, पण बाकड्यावर मला पूर्ण पटलं नाही. मृत्यूने सगळे हिशेब आपोआप मिटत असतील, तर अन्याय करणाऱ्याने फक्त आजारी पडायचं. आणि ‘जाऊ दे ना, आता किती दिवसांचा सोबती आहे’ हे वाक्य आपल्याकडे कोणाला ऐकवलं जातं बघा. ज्याचं नुकसान झालं त्याला. सुनेला, धाकट्या भावाला, हिस्सा न मिळालेल्या बहिणीला. म्हणजे सोसायचंही त्यांनीच आणि शेवटी मनाचा मोठेपणाही त्यांनीच दाखवायचा.

तिसऱ्या रात्री मी पप्पांना विचारलंच. “माफ केलं का तुम्ही त्यांना?”

ते चादर अंगावर ओढत म्हणाले, “नाही.”

“मग इथे का झोपताय?”

“कोणीतरी झोपलं पाहिजे ना.”

हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळ वाटलं. आता वाटतं, सेनेकापेक्षा ते सरळ आहे. सेवा करायला माफी लागत नाही. आपण उगाच या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवतो. माफ केलं नाही तर जायचं कशाला, आणि गेलो म्हणजे माफ केलं. पप्पांनी ती गाठ सोडली होती. औषधं आणणं हे त्यांचं काम होतं, आणि पाइपलाइन तोडली हे सत्य होतं. दोन्ही एकाच बाकड्यावर मावत होतं.

रामायणात हा प्रसंग आहे. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो. वाल्मीकींचा बिभीषण सरळ सांगतो, की हा अधर्माने वागला, याचे संस्कार मी करणार नाही. राम त्याला समजावतो की वैर मरणापाशी संपतं, आता तुझं कर्तव्य कर. आपण हा प्रसंग क्षमेचा म्हणून सांगतो. पण राम कुठेही म्हणत नाही की रावण बरोबर होता, किंवा झालं ते विसर. संपलं आहे ते वैर, निवाडा बदललेला नाही. सर्व्हर पडला की आम्ही जो अहवाल लिहितो त्याला गमतीने नाही, खरोखरच ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. कोणाला फासावर लटकवायचं नाही, पण काय मोडलं, कधी मोडलं, कोणत्या बदलाने मोडलं हे एकेक मिनिट धरून लिहायचं. दोष न देणं म्हणजे घडलंच नाही असं म्हणणं नव्हे.

सातव्या दिवशी भाऊंची नळी निघाली. दुपारी पप्पांना आत सोडलं, मागे मी. भाऊंनी डोळे उघडले, बराच वेळ बघितलं आणि घोगऱ्या आवाजात नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य बोलले, “कायले आला रे तू?”

पप्पा म्हणाले, “बिल भराले.”

सिस्टर हसली. मीही हसलो. ते दोघे हसले नाहीत.

भाऊ त्यानंतर आठ महिने जगले. त्या काळात या दोघांची गळाभेट वगैरे झाली नाही. एके संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर ते कडकडून भांडले, इतके की शेजारी बाहेर आले. वीजबिलाचा हिस्सा, रात्रीची पाळी, आजोबांनी कोणाला काय कबूल केलं होतं, सगळं निघालं. शेवटी भाऊ म्हणाले, “तोडली मीनंच. मंग?” ‘चुकलं’ म्हणाले नाहीत. पण घरी आल्यावर पप्पा दोन भाकरी जास्त जेवले, असं आईने मला फोनवर सांगितलं.

मला वाटतं रागाला एवढंच हवं असतं. समोरच्याने ‘हो, मी केलं’ म्हणावं. एखाद्यावर रागावणं म्हणजे त्याला अजून उत्तर देण्याच्या लायकीचा मानणं. आजारी माणसाशी आपण एकदम गोड बोलायला लागतो, तेव्हा हा मान नकळत काढून घेतो. पप्पांनी तो काढून घेतला नाही. मी काढून घेतला. त्या आठ महिन्यांत मी भाऊंना तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा विचारलं, “आता बरं वाटतंय ना?” मला विचारायचं होतं, “माझ्या फीचं काय?” मी सभ्यपणा केला आणि त्याला मनाचा मोठेपणा समजलो. आता विचारायला ते नाहीत. राग आहे तिथेच आहे, फक्त त्याचा पत्ता गेलाय.

दहाव्याला कोणीतरी पप्पांना म्हणालं, संपलं बघा सगळं, केलं ना माफ? पप्पा म्हणाले, “वैर संपलं. पाणी तोडलंच होतं त्यानं.”

केळीच्या एका खोडाला एकदाच घड येतो. तो उतरवला की खोड कापतात, पण तोवर बुडाशी पील वर आलेलं असतं. भाऊंचा मुलगा माझ्याच वयाचा. त्या मे महिन्यानंतर आम्हीही बोललो नव्हतो. भांडण आमचं नव्हतंच, पण आम्ही ते व्यवस्थित वाढवलं होतं. गेल्या आठवड्यात मी त्याला व्हॉट्सॲपवर अनब्लॉक केलं आणि लिहिलं, “त्या वर्षी पाइपलाइनचं नक्की काय झालं? तुमच्या घरात काय सांगतात ते सांग. मला राग आहे अजून.”

दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर यायला रात्र झाली.

“मलाबी आहे. फोनवर नको. रावेरले ये.”

शनिवारचं तिकीट काढलंय.